चाळीस पोरं द्या म्हणतात, देऊ का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी चोपडा तालुक्यातल्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. आमच्याकडे रिसर्चवाली टीम आलीय, मुलांचं डिप्रेशन आणि त्यासाठीचं मोबाइल ॲप असा विषय आहे, ॲप रोज मूड विचारणार, चॅटबॉट बोलणार वगैरे. मला सांगितलंय चाळीस पोरं द्या. वर्गात विचारलं तर एकही हात वर नाही, मागे खुसखुस सुरू. पालक म्हणतात आमचं पोरगं येडं आहे का? हजेरीपटावरची पहिली चाळीस नावं देऊन टाकू का? एक मुलगा दिवाळीपासून एकदम गप्प आहे, आधी कबड्डीत पुढे असायचा, त्याचं नाव तरी देऊ का?

उत्तर : सर, हजेरीपटावरून नावं अजिबात देऊ नका. आणि हात वर झाले नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका, साठ जणांसमोर डिप्रेशनच्या नावाने हात कोण वर करणार हो, ज्याला खरंच त्रास आहे तो तर नाहीच नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या साधारण 7.3 टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार दिसला होता, म्हणजे तुमच्या साठच्या वर्गात चारेक मुलं धरा, आणि रिसर्चला नेमकी तीच हवीत.

आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, 18 च्या आतल्या मुलासाठी आई-वडिलांची संमती लागते आणि मुलाचा स्वतःचा होकारही, बारा वर्षांपुढे तो लेखी. सही करणारी आई वाचू शकत नसेल तर तिऱ्हाईत साक्षीदारासमोर सगळं वाचून दाखवायचं, मग अंगठा. आपल्याकडे माणसं केळीच्या कटाईला पहाटेच निघतात, तेव्हा पाच पानी झेरॉक्स दप्तरात घालून घरी पाठवली म्हणजे संमती झाली असं नाही, टीमने संध्याकाळी घरी जावं. आणि वर्गशिक्षक समोर उभे असताना पोराने दिलेला "हो" मी तरी धरत नाही, त्याला प्रॅक्टिकलचे मार्क दिसत असतात.

मी स्वतः ही चूक केलीय. पूर्वी एका शाळेत बाकावर बसवूनच फॉर्म भरून घेतले, नऊ प्रश्नांची ती प्रश्नावली, पीएचक्यू-नाइन म्हणतात, गेल्या दोन आठवड्यांत कसं वाटलं ते विचारते. एका मुलीने आठ उत्तरं नीट लिहिली होती आणि नवव्यावर, म्हणजे मरून जावं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटतं का त्यावर, फक्त पेनाचा ठिपका. शेजारची मैत्रीण बघत होती ना.

म्हणून टीमला पहिला प्रश्न हाच विचारा, की रात्री अकराला एखाद्या पोराने ॲपमध्ये तसं लिहिलं तर ते कोण वाचतं, किती वेळात, आणि फोन कोणाला जातो? "सिस्टिम बघते" असं उत्तर आलं तर सरळ नाही म्हणा. एथिक्स कमिटीचं, म्हणजे असा रिसर्च तपासून परवानगी देणाऱ्या समितीचं, पत्र मागा. डेटा कुठे राहणार, मधेच सोडलं तर पुसणार का तेही विचारा, 2023 चा डेटा संरक्षण कायदाही 18 च्या आतल्याला मूलच धरतो. अजून एक, कितीतरी घरांत फोन एकच असतो आणि तो बापाच्या खिशात, नोटिफिकेशन आधी त्यालाच दिसणार, हे टीमला माहीत आहे का?

तरी दार बंद करू नका. उदास वाटतं का असं पुस्तकी मराठीत विचारलं तर आपली पोरं नाही म्हणतात, घरी मात्र "माले काहीच गोड लागत नही" म्हणतात, डोकं जड आहे म्हणतात. खान्देशातली पोरं रिसर्चमध्ये गेलीच नाहीत तर ॲपला ही भाषा कळणार कशी? माहितीची चिठ्ठी सगळ्यांना द्या, टीमचा नंबर फळ्यावर लिहा, ज्याला यायचं तो परस्पर टीमकडे जाईल, कोण गेलं ते तुम्हालाही कळू नये. पंधराच आले तर पंधरा.

त्या कबड्डीवाल्या मुलाचं नाव कोणाकडेच देऊ नका. त्याला मैदानावर एकट्याला गाठा आणि "दिवाळीपासून तू खेळत नाहीस, मला चैन पडत नाही" एवढं म्हणा, मग गप्प बसा, त्याला बोलू द्या. मरणाची भाषा निघाली तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी घरच्यांना भेटा आणि सरकारी रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलतात, आधी तुम्ही स्वतः लावून बघा.