रेटिंग अडकलंय म्हणजे डोकंच कमी आहे का?

"मॅडम, रोज खेळतो तरी रेटिंग हलतच नाही, माझ्या डोक्यातच काहीतरी कमी आहे." रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा, आणि लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन बुद्धिबळाला लागलेल्या लोकांकडून हे मी सारखं ऐकतेय, आणि २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा वर्ल्ड कप जिंकला तेव्हापासून तर जरा जास्तच. म्हणून एक केस सांगते, ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

चाळिशीतले गृहस्थ, बँकेत नोकरी. रात्री दोन दोन वाजेपर्यंत मोबाईलवर तीन मिनिटांचे डाव, हरले की गेलेले पॉइंट भरून काढायला अजून एक, मग अजून एक, आणि सकाळी घरात सगळ्यांवर चिडचिड. बायकोनेच पाठवलं होतं.

"हरलात की मनात पहिलं काय येतं?"

"बिनडोक आहे मी. ती पोरगी एकोणिसाव्या वर्षी ग्रँडमास्टर, आणि मला माझा घोडा फुकट जातोय ते दिसत नाही."

"घोडा गेला ही चाल चुकली. त्यावरून अख्खा माणूस बिनडोक कसा ठरला?"

गप्प बसले. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या पठडीतली, आम्ही माणूस आणि त्याची कृती यांची गाठ सोडवण्यावरच जास्त काम करतो, आणि इतक्या वर्षांत मला तरी याच्याइतकं उपयोगी दुसरं काही सापडलेलं नाही.

पुढच्या वेळी मी त्यांना रेटिंगचा हिशोबच समजावला. साइट तुम्हाला तुमच्याच तोडीचा माणूस शोधून देते, आणि बरोबरीच्या दोघांत प्रत्येकाला निम्मे गुण मिळतील असंच हे गणित धरतं. तुम्ही सुधारलात की समोरचाही तगडा येतो, परत निम्म्याच्या आसपास गुण जातातच.

"म्हणजे मी हरायचा कधी थांबणारच नाही?"

"नाही."

हे ऐकून ते पहिल्यांदा मोकळे हसले. तोपर्यंत प्रत्येक हार त्यांना कमीपणाचा पुरावा वाटत होती.

पण खरी गोष्ट घडली पटावर. मी कॉलेजात खेळायचे, पट आजही कन्सल्टिंग रूममध्ये असतो. त्यांना बुद्धिबळपटू रिचर्ड रेटीची १९२१ ची रचना मांडून दिली, चारच मोहरी (घराच्या नावात अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी). पांढरा राजा एच ८, प्यादं सी ६, काळा राजा ए ६, प्यादं एच ५. चाल पांढऱ्याची, डाव बरोबरीत सोडवायचा. "शक्यच नाही, प्यादं पळालं, राजा दोन चाली मागे आहे," ते लगेच म्हणाले. म्हटलं घड्याळ नाहीये, बघा. बराच वेळ बघत बसले. मग राजा तिरका सरकवला, जी ७, एफ ६, आणि ई ५ ला आल्यावर बोट मोहऱ्यावर तसंच ठेवून थांबले. काळ्याने प्यादं मारलं तर राजा एफ ४ ला जाऊन पळणारं प्यादं गाठतो, काळ्याने प्यादं पुढे रेटलं तर राजा डी ६ ला जाऊन आपलं प्यादं वजीर करून घेतो. एकाच वाटेने दोन्हीकडे! "अहो, काय सुंदर आहे हे," म्हणाले, आणि परत पहिल्यापासून मांडलं. त्या तासाभरात रेटिंगचा शब्द निघाला नाही.

माझ्या लक्षात तेव्हा आलं की हा माणूस इतके डाव खेळला पण एकही डाव त्याने *पाहिला* नव्हता, फक्त निकाल पाहिले होते. आणि सुधारणा तर पाहण्यातूनच होते.

म्हणून आता मी सगळ्यांना हेच सांगते. दिवसाला एकच डाव, पण निदान पंधरा मिनिटांचा, शक्य असेल तर दर चालीला दहा सेकंद वाढीव. लागोपाठ दोन हरलात की फोन ठेवा, त्या मनःस्थितीत खेळलेला डाव शिकवत काही नाही. हरलेला डाव आधी स्वतः बघा, कुठल्या चालीला काय विचार होता ते मराठीत लिहा आणि मगच इंजिन, म्हणजे चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम, लावा, नाहीतर ते उत्तर देऊन मोकळं होतं आणि आपला विचार कुठे घसरला ते कळतच नाही. जुन्या मास्टरांचे डाव पुढची चाल झाकून, ओळखत ओळखत बघा. राजा-प्याद्यांचे शेवट करा, कंटाळवाणे वाटतात पण मोजायची सवय तिथेच लागते. आणि घरच्यांनी "जिंकलास का?" ऐवजी "दाखव की डाव" म्हणावं.

ते गृहस्थ आता रात्री अकराला झोपतात. रेटिंग मधे थोडं वाढलं, परत उतरलं. शेवटच्या भेटीत त्यांनी एक हरलेला डाव वहीत उतरवून आणला होता, अठराव्या चालीखाली दोन रेघा मारलेल्या, आणि बसायच्या आधीच विचारलं, "मॅडम, इथे उंट दिला असता तर?"