कवीचे स्मारक म्हणून पुतळा उभारावा का?

‘नाशिकमध्ये एखाद्या साहित्यिकाचा पुतळा चौकात उभारणे योग्य ठरेल का,’ या प्रश्नाचे उत्तर देताना कुसुमाग्रजांचीच ‘अखेर कमाई’ ही कविता आधी वाचावी, असे मी सुचवेन. मध्यरात्रीनंतर एका चौथऱ्यावर बसून टिपे गाळणारे पाच पुतळे त्यांनी तिथे उभे केले आहेत; त्यांतील चौघांना एकेका जातीने वाटून घेतल्याची खंत आहे आणि गांधीजींच्या पाठीशी तर केवळ सरकारी कचेऱ्यांच्या भिंती उरल्या आहेत. ज्या कवीने पुतळ्यांचे असे दुःख लिहिले, त्याचाच पुतळा करताना हात थोडा थबकायला हवा.

१० मार्च १९९९ रोजी ते नाशिकमध्येच निवर्तले, आणि गंगापूर रस्त्यालगतच्या कुसुमाग्रज स्मारकात आजही व्याख्याने व काव्यवाचने होतात, हे मला अधिक उचित वाटते. तरीही पुतळा करायचाच असेल, तर कांस्यावर पावसाळ्यागणिक चढणारी हिरवट पुटे आणि कबुतरांची विष्ठा नियमित साफ करून मेणाचा हात देण्याची तरतूद आधीच करावी. शिवाय चौथऱ्यावर मान्यवरांच्या नावांऐवजी, उभ्याने वाचता येतील अशा ठसठशीत अक्षरांत कवीच्या चार ओळी कोराव्यात.