‘ए. आय.’च्या अखेरीस दिसतात ते कोण?

प्रश्न : स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘ए. आय. आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ या चित्रपटाच्या शेवटी मानवजात नष्ट झालेली असते आणि बर्फात गोठलेल्या डेव्हिड या यंत्रबालकाला उंच, सडपातळ जीव बाहेर काढतात. हे परग्रहवासी कोठून आले? माणसे कशाने संपली, हे चित्रपट का सांगत नाही?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ते परग्रहवासी नव्हेत, डेव्हिडसारख्या यंत्रमानवांचेच ते दूरचे वंशज आहेत. २००१ साली चित्रपट प्रदर्शित झाल्यापासून हा गैरसमज चालत आला आहे आणि त्यात प्रेक्षकांचा फारसा दोष नाही, कारण परग्रहवासी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अशीच आकृती येते. परंतु डेव्हिड त्याला मुलासारखा सांभाळणाऱ्या स्विंटन दांपत्याच्या घरात प्रथम येतो ते दृश्य पुन्हा पाहावे. मागच्या प्रखर उजेडात तो क्षणभर असाच लांबोडका, काटकुळा दिसतो.

आवाजाकडेही लक्ष द्यावे. आरंभी समुद्राच्या लाटांवर निवेदक सांगतो की ध्रुवांवरचे बर्फ वितळून ॲमस्टरडॅम, व्हेनिस, न्यूयॉर्क ही शहरे बुडाली, गरीब देशांत कोट्यवधी लोक उपासमारीला बळी पडले आणि संपन्न देशांनी अपत्यजन्मासाठी परवाना सक्तीचा केला. हा आवाज बेन किंग्जली यांचा आहे, आणि दोन हजार वर्षांनंतर डेव्हिडशी बोलणाऱ्या यंत्रमानवाचा आवाजही त्यांचाच आहे. यावरून मला असे वाटते की ही सारी कथा माणसांच्या पश्चात, त्यांनीच घडवलेल्या यंत्रांचे वंशज सांगत आहेत.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही मला यातच दिसते. डेव्हिड समुद्रतळाशी, ‘पिनोकिओ’च्या गोष्टीत लाकडी बाहुल्याला खरा मुलगा बनवणाऱ्या नीलपरीच्या पुतळ्यासमोर अडकून पडतो आणि मानवजातीचा अंत वर कोठेतरी, आपल्या दृष्टीआड होऊन जातो. पडद्यावर दिसतो तो केवळ गोठत जाणारा समुद्र. महापूर किंवा स्फोट दाखवला असता तर आपण थरारलो असतो, पण काय हरपले ते कळले नसते. ते कळते या यंत्रांच्या ओढीतून, कारण जिवंत माणसे पाहिलेला कोणी त्यांना प्रथमच भेटलेला असतो. हा शेवट स्पीलबर्ग यांनी भावुकतेपोटी जोडला, अशी टीका झाली. तो मुळात, हा चित्रपट आधी स्वतः करू पाहणारे दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिक यांच्या आराखड्यातला होता, असे स्पीलबर्ग यांनी स्वतः सांगितले आहे.

डेव्हिडच्या सोबतीच्या टेडी या खेळण्यातल्या अस्वलाने डेव्हिडच्या आईच्या, म्हणजे श्रीमती स्विंटन यांच्या, केसांची एक बट इतकी वर्षे जपून ठेवलेली असते. तिच्यावरून हे यंत्रमानव आईला जिवंत करतात, पण एकाच दिवसापुरते. डेव्हिड जन्मलेलाच नसल्यामुळे त्याचा वाढदिवस कधी झालेला नसतो. म्हणून त्या दिवशी मायलेक केक करतात आणि मेणबत्त्या लावतात.