दोन क्रीम रंग आणि उडालेली झोप

"एवढ्याशा गोष्टीचा निर्णय होत नाही, मला काही झालंय का?" ही काळजी घेऊन बरेच जण माझ्याकडे समुपदेशनाला येतात. गोव्यातल्या डिचोलीकडच्या एका वहिनींचं निमित्त होतं बसायच्या खोलीचा रंग. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर, पुट्टी-प्रायमर झालेला, पेंटरचे रोज फोन. एक क्रीम किंचित पिवळसर, दुसरा किंचित गुलाबी. पर्समधून काढलेल्या शेड कार्डच्या कडा हाताळून मऊ पडल्या होत्या.

आधी रंगाचंच बोललो. कार्डावरच्या बोटभर पट्टीवरून ठरवू नका. दोन मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारा, पूर्ण सुकू द्या आणि भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी, रात्री बघा. २७०० केल्विनच्या (पिवळसर उजेडाच्या) दिव्यात पिवळी झाक चढते, ६५०० च्या (पांढऱ्या उजेडाच्या) दिव्यात रंग थंड दिसतो. पावसाळी ढगांतला उजेड आणखी वेगळा.

पुढच्या भेटीत म्हणाल्या, "लाल फरशीमुळे दुसरा जास्तच गुलाबी दिसतो. पण दोन्ही चांगलेच आहेत हो!"

"मग चुकला असं म्हणणार कोण?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "मोठ्या जाऊबाई." चवथीला सगळं कुटुंब वहिनींच्याच घरी जमतं. गेल्या वर्षी पडद्यांवरून सगळ्यांदेखत बोलणी खावी लागली होती. यजमान म्हणतात, "तुला हवा तो दे." त्यांना वाटतं आपण मोकळीक दिली. मला यात अन्याय दिसतो, कारण निवड तिची आणि बोलणीही तिलाच.

यजमानांना बोलावलं. ऐकून ते खरंच चपापले. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९५६ मध्येच मांडलं होतं की माणूस सर्वोत्तम शोधत बसत नाही, पुरेसं चांगलं सापडलं की थांबतो. वहिनींना थांबता येत नव्हतं, कारण टोमण्यापासून वाचवील इतका चांगला रंग कुठल्याच कार्डात नसतो. पिवळसर ठरला. पेंटरला फोन यजमानांनी केला आणि कोणी काही बोललं तर "आम्ही दोघांनी ठरवलाय" हे पहिल्यांदा तेच म्हणणार, असंही ठरलं.

मात्र प्रत्येकच निर्णय जड जात असेल, सोबत झोप-भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल आणि हे दोन आठवडे टिकलं, तर ते नैराश्य असू शकतं. तेव्हा रंगाच्या गप्पांत वेळ न घालवता बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मानसोपचार रुग्णालयात किंवा जवळच्या मनोविकारतज्ज्ञांकडे जावं. वहिनींची झोप रंग ठरल्यावर परतली. जाऊबाईंशी कसं बोलायचं, यावर आमच्या भेटी अजून चालू आहेत.