ऑपरेशन बिघडलं तर केस होते का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आईच्या पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, त्यात पित्तनलिकेला इजा झाली आणि दुसरीकडे नेऊन परत ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टर म्हणतात हे कॉम्प्लिकेशन आहे, कुणाच्याही हातून होतं. केस होईल का?

उत्तर: डॉक्टर म्हणतायत ते अर्धं खरंय. या ऑपरेशनचा हा माहीत असलेला धोका आहे, त्यामुळे नुसती इजा झाली म्हणून निष्काळजीपणा झाला असं कोर्ट धरत नाही. बहुतेक वेळा केस उभी राहते ती नंतरच्या दिवसांवर. म्हणजे बघा, दुसऱ्या दिवशी पोट फुगलं, ताप आला, ड्रेनमधून, म्हणजे पोटात ठेवलेल्या नळीतून, हिरवट पित्त यायला लागलं, सिस्टरने ते चार्टवर लिहिलंही, आणि तरी पाचव्या दिवसापर्यंत "गॅस झालाय, चालत राहा" एवढंच सांगत राहिले आणि सोनोग्राफी तेव्हा कुठे केली, तर मग डॉक्टरांना उत्तर देणं जड जातं. पण यातलं काही डिस्चार्ज कार्डवर सापडणार नाही! तिथे "पेशंटची प्रकृती स्थिर" असंच असतं. इनडोअर केस पेपर, ऑपरेशन नोट, नर्सिंग चार्ट, संमतीपत्र, सगळ्याच्या झेरॉक्स लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाच्या कॉपीवर पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या नियमाप्रमाणे ७२ तासांत द्यावे लागतात. भांडण सुरू करायच्या आधी मागा, नंतर फाइल "रेकॉर्ड रूममधे शोधतोय" होते.

प्रश्न: सिझरनंतर दीड वर्ष पोट दुखत होतं, आता सीटी स्कॅनमधे पोटात गॉज (रक्त टिपायचं जाळीचं कापड) राहिलंय असं आलं. उशीर झाला का?

उत्तर: नाही, पण आता एक दिवसही घालवू नका. ग्राहक आयोगात, म्हणजे जिथे नुकसानभरपाई मागायची तिथे, तक्रारीची मुदत २ वर्षांची. मुंबईतली एक केस सांगतो, १९९३ साली पित्ताशयाचं ऑपरेशन, २००२ साली दुसऱ्या ऑपरेशनमधे पोटात गॉज सापडलं, २००४ साली तक्रार केली, आणि २०१० साली सुप्रीम कोर्टाने मुदत संपली म्हणून ती फेटाळली. कारण काय, तर बाई स्वतः नर्स होत्या, एवढी वर्षं दुखत होतं तर त्या डॉक्टरकडे परत का गेल्या नाहीत. मला हा निकाल फार कडक वाटतो, पण आहे तो आहे. सीटीचा रिपोर्ट, फिल्म जपा, आणि गॉज काढतील तेव्हा ऑपरेशन नोटमधे तसं स्पष्ट लिहून घ्या.

सिझर सरकारी दवाखान्यात झालं असेल आणि तिथे सगळ्यांनाच फुकट उपचार असतील तर ग्राहक आयोग नाही, दिवाणी दावा लावावा लागतो, त्याआधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात १९६३ साली नसबंदीच्या ऑपरेशनमधे टॉवेल पोटात राहून एक बाई दगावली होती. घरच्यांना ३६ हजार मिळाले, तेही १९९६ साली सुप्रीम कोर्टातून. नेमकं कुठल्या डॉक्टरने विसरला हे सिद्ध करत बसायची गरज नाही, सरकार जबाबदार, हे मात्र त्यात पक्कं झालं.

प्रश्न: वहिनीला गाठ काढायला आत नेलं आणि गर्भाशयच काढलं. बाहेर सासूबाईंची सही घेतली होती म्हणे.

उत्तर: ती सही चालत नाही. पेशंट सज्ञान आहे, शुद्धीवर आल्यावर तिलाच विचारता आलं असतं. २००८ साली सुप्रीम कोर्टात अगदी असंच प्रकरण होतं, तपासणीसाठी आत नेलेल्या बाईचं गर्भाशय काढलं, सही आईची, आणि निकाल डॉक्टरच्या विरोधात गेला. जीवावर बेतलं असेल तेवढाच अपवाद. बीडमधल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्यावरून २०१९ मधे एवढा गदारोळ झाला तरी "आता मुलं झालीत ना, मग कशाला ठेवायचं" हे अजून ऐकू येतं, संताप येतो. बायोप्सीचा रिपोर्ट आधी मागा, काढायची गरज होती का ते त्यावरून बरंच कळेल.

प्रश्न: सरळ पोलिसात एफआयआर केली तर?

उत्तर: २००५ पासून पोलिसांना आधी दुसऱ्या डॉक्टरचं, शक्यतो सरकारी, मत घ्यावं लागतं आणि चूक घोर असावी लागते, साधी नाही. नुकसानभरपाई तिथे मागायची नसते, त्यासाठी आयोग. रजिस्ट्रेशनवर कारवाई हवी तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, पण ते पैसे देत नाहीत. आयोग आणि कौन्सिल दोन्हीकडे एकाच वेळी जाता येतं.