टेस्ट आधी की पॉलिसी आधी?

औशाहून एका ताईंनी विचारलंय, वय 34, झेडपी शाळेत शिक्षिका, आईला पन्नाशीच्या आतच ब्रेस्ट कॅन्सर झालेला, आता डॉक्टर बीआरसीए जीनची (यात आनुवंशिक दोष असला तर ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढतो) टेस्ट करा म्हणायलेत. घरचे नको म्हणायलेत, रिपोर्ट वाईट आला तर विमा मिळणार नाही अन् धाकट्या बहिणीचं लग्न अडंल. हाताशी 2 लाखाची एफडी, वर ओळखीचा एजंट वर्षाला 40 हजाराची मनीबॅक, म्हंजे अधूनमधून थोडे पैसे परत देणारी विमा पॉलिसी, घ्या म्हणून मागं लागलाय.

ताई, टेस्ट करायचीच. फक्त त्याआधी टर्म (मृत्यू झाला तरच घरच्यांना रक्कम देणारा विमा) अन् हेल्थ पॉलिसीचे फॉर्म याच आठवड्यात भरा. कारण आपल्याकडं जनुकीय भेदभावाविरुद्ध वेगळा कायदाच नाहीये. 2018 ला दिल्ली हायकोर्टानं हृदयाच्या आनुवंशिक आजाराच्या एका केसमधी क्लेम नाकारणं भेदभाव ठरवलं, कलम 14 चा आधार घेऊन, अन् त्याच वर्षी मार्चमधी आयआरडीएआयनंही, म्हंजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, हेल्थ विमा कंपन्यांना सांगितलं की जनुकीय आजार एवढ्याच कारणावर क्लेम नाकारू नका. पण ते क्लेम अन् पॉलिसीतल्या अटींपुरतं झालं, नवीन पॉलिसी द्यायची का नाही अन् प्रीमियम किती लावायचा हे कंपनीच ठरवती. अमेरिकेत 2008 पासून कायदा आहे तरी लाइफ इन्शुरन्स त्याच्या बाहेरच ठेवलाय, म्हणून टर्मची घाई जास्त.

फॉर्ममधी आईचा कॅन्सर लिहा, टेस्ट सुचवलीय का असं विचारलं असंल तर तेही लिहा. एजंट म्हणंल सोडून द्या, त्याचं अजिबात ऐकू नका, लपवलेलं निघालं तर क्लेमच्या वेळी तुमची लेकरं अडचणीत येतेत. प्रीमियम थोडा वाढला तरी चालंल. वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून गेलाय, तेवढा आधार आहे. मनीबॅक नकोच, 40 हजारात कव्हर किती मिळतंय ते एकदा विचारून बघा.

कंपनीनं महिनाभर लटकवलं तर मात्र टेस्ट थांबवू नका, पॉलिसीपेक्षा जीव मोठा आहे.

टेस्ट शक्यतो आधी आईची करा. आईत दोष सापडला तरच तुमच्यात अन् बहिणीत तोच दोष शोधायचा, शक्यता 50 टक्के, अन् तेवढाच शोधायचा असल्यानं खर्चही कमी. दोष सापडला म्हंजे कॅन्सर झाला असं नसतं, वेळेवर तपासण्या करता येतेत, अन् बहिणीला हे कळायचा तुमच्याइतकाच हक्क आहे, लग्नाच्या नावाखाली तिच्यापासून लपवणं मला अजिबात पटत नाही. एफडी प्रीमियमसाठी मोडू नका, टेस्ट अन् पुढच्या तपासण्यांसाठी तीच लागंल.