गोगटे सर्कलचं नाक तिकडे चालत नाही

टिळकवाडी, बेळगाव

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रविवारी वाचला. हॉस्पिटलातली रात्रपाळी साडेसातला संपली, पुढची बस पावणेनऊला, आणि तू स्टॉपवर थर्मासमधला चहा पीत बसलेली. ‘काका, गाडी घेऊ का? लायसन्स तर आहेच की,’ असं विचारलंयस. घे. पण ते ‘आहेच की’ मला खटकलं, म्हणून फोन न करता सविस्तर लिहितोय. अकरा वर्षं मी इंग्लंडात काढली आणि याच ‘आहेच की’नं मला दोनदा तोंडावर पाडलं.

आधी तारीख बघ. तू इंग्लंडात राहायला गेलीस त्या दिवसापासून बारा महिने आपल्या लायसन्सवर गाडी चालवता येते. गाडी कधी घेतलीस याच्याशी त्याचा संबंध नाही. तुझे आठ महिने बसची वाट बघण्यात गेले, राहिले चार. बारा महिन्यांचा हिशेब आपल्या सीमाभागात काही नवा नाही. कोल्हापूरची, एमएच-०९ ची गाडी कर्नाटकात बारा महिन्यांच्या वर ठेवली की नवा नंबर घ्या, टॅक्स भरा, हे चंदगडला सोयरीक असलेल्या प्रत्येक घराला पाठ आहे. पाळतं किती जण, ते सोड. तिकडे मात्र वर्ष उलटलं की दुसऱ्या दिवसापासून तू शिकाऊ. गाडीला लाल ‘एल’ लावायचा आणि शेजारी एकवीस वर्षांवरचा, तीन वर्षं पक्कं लायसन्स असलेला माणूस बसवायचा. पहाटेच्या ड्युटीला रोज असा माणूस कुठून आणणार?

ऑस्ट्रेलिया, जपानवाल्यांना लायसन्स बदलून मिळतं. त्या यादीत भारत नाही. बाबांनी निघताना आरटीओत हजार रुपये भरून काढून दिलेलं इंटरनॅशनल परमिट जपून ठेव, पण त्यानं बारा महिन्यांचे तेरा होत नाहीत.

म्हणून आज रात्रीच प्रोव्हिजनल, म्हणजे तिकडच्या शिकाऊ लायसन्सचा अर्ज भर. सरकारी साइटवर ३४ पौंड लागतात. त्याच रंगरूपाच्या दलाली साइटही वर दिसतात, त्या जास्त पैसे घेऊन तोच अर्ज पुढे ढकलतात. आरटीओच्या फाटकापाशी फॉर्म भरून देणारे आपल्याला माहीत आहेत. हेही तेच, फक्त टेबल-खुर्ची दिसत नाही. नाव पासपोर्टावर जसं आहे, अक्षरन् अक्षर तसंच घाल. तुझ्या शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, बेळगावच्या केए-२२ लायसन्सवर दुसरं, आणि पासपोर्टात वडिलांचं नाव मधे. आपल्याकडे मराठी नाव कानडी कारकुनाच्या हातून इंग्रजीत जातं, त्यात असं व्हायचंच. तिकडच्या संगणकाला मात्र ती दोन वेगळी माणसं वाटतात.

मग थिअरीची परीक्षा. फी २३ पौंड. पन्नास प्रश्न, त्यातले ४३ बरोबर पाहिजेत. शिवाय चौदा छोटे व्हिडिओ असतात. त्यांत धोका तयार होताना दिसला की क्लिक करायचं, ७५ पैकी ४४ गुणांना पास. तू अभ्यासू आहेस, यात तुला काय सांगायचं? फक्त थिअरी पास झाल्याशिवाय प्रॅक्टिकलची तारीख मागता येत नाही, आणि ती तारीख कित्येकदा काही महिन्यांनंतरची मिळते. तुझे चार महिने इथेच संपतात.

प्रॅक्टिकलचं आता नीट वाच. मी पहिल्यांदा नापास झालो. बेळगाव–कोल्हापूर रस्त्यावर पंधरा वर्षं गाडी हाकलेला माणूस, चोर्ला घाट रात्री उतरलेला. तिकडेही डावीकडूनच चालायचं, स्टीअरिंगही उजवीकडेच, म्हटलं यात काय आहे! एका लहानशा राउंडअबाउटवर, म्हणजे गोल चौकात आलो. उजवीकडून एक पांढरी गाडी येत होती, पण लांब होती. इथे बेळगावात गोगटे सर्कलच्या चौकात आपण काय करतो? नाक घालतो. नाक घातलं की समोरचा थांबतो, वाट मिळते, कुणाला राग येत नाही. मी नाक घातलं. शेजारून ‘टक्’ असा आवाज आला. परीक्षकाच्या पायाखालच्या ब्रेकचा. गाडी जागच्या जागी थांबली, पांढरी गाडी निघून गेली. परीक्षक शांतपणे म्हणाला, ‘निघा.’ पुढची वीस मिनिटं ‘डावीकडे घ्या’, ‘उजवीकडे घ्या’ याशिवाय एक शब्द नाही. बारीकसारीक चुका पंधरापर्यंत चालतात. अशी धोक्याची एक झाली की संपलं. माझ्या कागदावर बारीक चुका चारच होत्या.

तेव्हा राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ दे, त्याला ब्रेकवर पाय ठेवावा लागता कामा नये. झेब्रावर म्हातारी नुसती कडेला उभी असली तरी थांब. हॉर्न विसर. आणि हेडलाइटची गंमत ऐक. निपाणीच्या हायवेवर समोरच्यानं लाइट मारला तर अर्थ काय? ‘मी येतोय, तू थांब.’ तिकडे लोक बहुतेकदा ‘या, तुम्ही आधी’ म्हणून मारतात. मी पहिला महिनाभर प्रत्येक वेळी थांबून राहायचो, आणि समोरचा बिचारा लाइटवर लाइट मारायचा. तरीही लाइट दिसला म्हणून डोळे झाकून निघू नकोस, रस्ता स्वतः बघ.

चार-पाच तास तरी तिथल्या शिकवणाऱ्याबरोबर चालव. तुला गाडी येते, हे त्याला आल्या आल्या सांगू नकोस. टेस्ट ऑटोमॅटिकवर दिलीस तर गिअरची गाडी चालवता येणार नाही, तेही आधी ठरव.

आता विमा. इथे विमा गाडीचा असतो. चंदगडच्या मामाची गाडी तू बेळगावात फिरवतेस, तुझा भाऊ बाबांची घेऊन पणजीला जातो. लायसन्स असलं की झालं. तिकडे विमा गाडी आणि माणूस या जोडीचा. पॉलिसीत ज्यांची नावं, त्यांनीच ती गाडी चालवायची. हे मी कागदावर वाचलं होतं, डोक्यात शिरलं नव्हतं. आईबाबा पहिल्यांदा आले तेव्हा मला ड्युटी होती, म्हणून निपाणीचा एक मित्र माझी गाडी घेऊन विमानतळावर गेला. येताना पोलिसांनी गाडी थांबवली, तर विम्यात मित्राचं नाव नव्हतं. गाडी टो करून नेली. आई रस्त्याच्या कडेला भडंगाची पिशवी मांडीवर घेऊन सुटकेसवर बसलेली. मित्राच्या लायसन्सवर पेनल्टी पॉइंट चढले, आणि गाडी चालवायला दिली म्हणून माझ्याही. आज विम्याशिवाय चालवण्याला ३०० पौंड दंड आणि ६ पॉइंट आहेत. नवीन लायसन्सला पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द, पुन्हा थिअरीपासून सुरुवात. म्हणून वॉर्डातली कितीही जीवाभावाची मैत्रीण असो, किल्ली मागितली तर ‘विम्यात नाव नाही गं’ म्हण. तिकडे त्याचा राग येत नाही कुणाला.

पहिल्या वर्षी हप्त्याचा आकडा बघून तुला गरगरेल. भारतीय लायसन्सवर काही कंपन्या विमा देतच नाहीत, देतात त्या महाग देतात. तिकडचं लायसन्स हातात आलं की तोच आकडा खाली येतो, म्हणून आधी परीक्षा आणि मग गाडी, हा क्रम मला बरा वाटतो. बाबांच्या गाडीचा नो क्लेम बोनस बाबांचा, तुझ्या स्कूटीचा तिकडे कारला बहुधा कुणी धरत नाही. त्यामुळे तू शून्यापासून. थर्ड पार्टी स्वस्त असेल असं समजू नकोस, तिकडे पुष्कळदा कॉम्प्रिहेन्सिव्हच स्वस्त पडतो. दोन्हींचे आकडे काढ. गाडी घ्यायच्या तीन-चार आठवडे आधी काढलेले आकडे आदल्या दिवशीच्यापेक्षा बहुतेक कमी असतात.

कुणीतरी तुला सुचवेलच, ‘सिनिअर सिस्टरचं नाव मुख्य म्हणून घाल, तुझं दुसरं, हप्ता निम्म्यावर येतो.’ गाडी रोज तू चालवणार असशील तर ती फसवणूक आहे. अपघात झाला की कंपनी पहिलं हेच उकरते आणि तू परदेशात एकटी पडतेस. रात्री गाडी कुठे उभी असते, वर्षाला किती मैल, कामाला नेतेस का, सगळं आहे तसं लिही. तुझ्या बाबतीत शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. एकाच हॉस्पिटलला जाणं-येणं असेल तर ‘कम्युटिंग’ पुरतं. उद्या तुला कम्युनिटीत टाकलं आणि घरोघरी पेशंट बघायला गाडी न्यायची झाली, तर ‘बिझनेस’ वापर घालून घ्यावा लागतो. बदलीचा कागद हातात पडला त्याच दिवशी विमा कंपनीला फोन कर.

जुनी गाडी बघितलीस की नंबर मला पाठव. तिची एमओटी, म्हणजे वार्षिक तपासणी, कधी कशात नापास झाली ते सरकारी साइटवर फुकट दिसतं. आपण दोघं बसून वाचू. आधीच्या मालकानं भरलेला रोड टॅक्स तुझ्या नावावर येत नाही, तो किल्ली घेताना भरायचा.

घरी सगळे बरे आहेत. रेल्वे फाटकाला आजही अर्धा तास अडकलो आणि तुझी बस आठवली.

तुझा,
काका

ता. क. ‘ब्लॅक बॉक्स’वाली पॉलिसी स्वस्त दिसेल. गाडीत बसवलेला तो डबा तू कधी आणि कशी चालवतेस ते टिपतो, आणि मध्यरात्रीचं चालवणं बऱ्याच कंपन्यांना आवडत नाही. तुझी महिन्याला किती नाइट ड्युटी असते ते मोज, मग त्यांना फोन करून विचार.